डॉक्टरनं राजकीय मतं दवाखान्याबाहेर ठेवावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात इंटर्नशिप चालू आहे, पुढं सार्वजनिक आरोग्यात काम करायचंय, राजकीय मतं ठाम आहेत, आणि वरिष्ठ बजावतात की डॉक्टरनं राजकारणाच्या वाटेला जाऊ नये. मग वैद्यकीय नीतिमत्ता आणि ही मतं एकत्र नांदणार कशी?

वरिष्ठांचं निम्मं बरोबर आहे. समोर बसलेला पेशंट आजारी असतो, घाबरलेला असतो, तुमच्या एका शब्दावर अवलंबून असतो. तिथं आपलं मत गिळायचं. पण कलेक्टर कचेरी, महापालिका, ग्रामसभा, आपलीच डॉक्टरांची संघटना, इथं समोरचा दुबळा नसतो. तिथं गप्प बसण्याला तटस्थपणा म्हणायची पद्धत आहे, मला ती मान्य नाही. माझ्यापुरता हिशेब एवढाच आहे. अडचण येते ती दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात तेव्हा.

मी काही वर्षं जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. आता शहरात स्वतःचा दवाखाना आहे. वडिलांनी हयातभर लाल बावटा खांद्यावर घेतला, त्यामुळं मला मतंच नाहीत असा आव आणत नाही.

ग्रामपंचायतीच्या पाण्याची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी होते. विहिरीभोवती घाण आहे का, व्हॉल्व्ह गळतोय का, पाइपलाइन गटारातून गेलीय का, टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची क्लोरीनची पूड) शिल्लक आहे का, हे बघून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. कागदावर हा आरोग्याचा कार्यक्रम. गावात मात्र ते सरपंचाचं प्रगतिपुस्तक असतं.

एका गावात आमच्या आरोग्यसेवकानं टाकीजवळच्या नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे. शेवटच्या गल्लीतल्या नळाचं पाणी घेतलं, ते होतं तसंच राहिलं. शेवटची गल्ली कुणाची असते हे तुम्हाला सांगायला नको. मधली लाइन तपासत गेलो तेव्हा गटाराच्या पोटात पाइपला सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीनं बांधलेली सापडली. पाणी सुटलेलं असतं तोवर तिथून बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गटार आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात काय येत असेल बघा.

संध्याकाळी सरपंचांचा फोन. आमच्याच विचारांचे, वडिलांना ओळखणारे. म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्या म्हणून बोलतो. निवडणूक तोंडावर आलीया. लाल कार्ड लागलं की समोरचं पॅनेल बोंब मारत गावभर फिरतंय. पिवळं करा, गळती मी आठ दिसांत काढतो."

आता खरी गोम सांगते. तो माणूस निवडून येणं गावाच्या भल्याचं आहे असं मला मनापासून वाटत होतं. समोरच्या पॅनेलबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडं फार नव्हतं. पैसे देऊन कार्डाचा रंग बदलायला कुणी आलं असतं तर नाही म्हणणं सोपं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. इथं मात्र "मोठ्या हितासाठी" हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. तुमच्यासारख्या ठाम मतांच्या माणसानं याच शब्दाला भ्यायला हवं.

कार्ड लालच गेलं. लाल बावट्याच्या सरपंचाला लाल कार्ड, म्हणून आमच्याच लोकांनी टोमणेही मारले. दुसऱ्या दिवशी विरोधी पॅनेलचे दोघं आले, कार्डाची झेरॉक्स द्या आणि आमच्या सभेत चार शब्द बोला म्हणाले. त्यांना सांगितलं, कार्ड पंचायतीत आहे, तिथं बघा. मी बोलेन ते ग्रामसभेत. ग्रामसभेत कुठल्या गल्लीत, कुठल्या पाइपला, काय झालंय तेवढं वाचलं आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. ती लाइन टाकली तेव्हा सत्ता कुणाची होती हे सांगायचा मोह झाला होता, सांगितलं नाही. (सरपंच पडले. पाइप पुढच्या पॅनेलनं बदलली.)

पाण्याचाच आणखी एक पदर. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतते, म्हणून तिथल्या डॉक्टरनं स्वच्छ पाण्यासाठी रस्त्यावर उतरणं मला पूर्ण योग्य वाटतं. पण पुढं इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा नदीकाठच्या गावांनी आमच्या शेतीचं काय म्हणून विरोध केला. इथं डॉक्टर काय सांगू शकतो? सांडपाणी मिसळलेलं पाणी माणसानं पिऊ नये, हे गळ्यात स्टेथोस्कोप घालून सांगू शकतो. कुठल्या नदीचं पाणी कुणाला, यावर मला मत आहे, पण ते एका नागरिकाचं मत, त्याला एमबीबीएसचं वजन लावणं म्हणजे खोटं माप. हा फरक आपल्याकडं फारसा कुणी पाळत नाही.

वाढदिवसाची शिबिरं तुम्ही पाहिलीच असतील. चौकात फ्लेक्स, नेत्याचा हात जोडलेला फोटो, खाली ओळीनं डॉक्टरांचे फोटो. मोफत शुगर, मोफत बीपी. त्या फ्लेक्सवर फोटो लावू देणं हेच मुळात डॉक्टरांच्या 2002 च्या व्यावसायिक आचारनियमांतल्या जाहिरातबंदीच्या विरुद्ध आहे, पण ते सोडा. खरी गोष्ट टेबलावरच्या रजिस्टरची. नाव, वय, गल्ली, मोबाइल नंबर, पुढं शुगर किती. शिबिर संपलं की ते रजिस्टर कार्यकर्ता काखोटीला मारून नेतो आणि निवडणुकीत त्याच नंबरांवर मेसेज सुरू होतात. कुणाला मधुमेह आहे हे पक्षाच्या कार्यालयाला कळण्याचं कारण काय? शिबिराला जाऊ नका असं मी म्हणत नाही, तिथं खरोखरच पहिल्यांदा शुगर कळलेली माणसं भेटतात. जाताना अट घाला: रजिस्टर माझ्याकडं राहील आणि ज्याची शुगर वाढलीय त्याला पुढं कुठं पाठवायचं ते आधी ठरेल. बहुतेक आयोजक मान्य करतात. जे करत नाहीत, त्यांचं शिबिर कशासाठी आहे ते तिथंच समजतं.

सार्वजनिक आरोग्य शिकवताना रुडॉल्फ फिरखोचं नाव येतंच. 1848 मध्ये सायलेशियात टायफसची साथ पाहायला सरकारनं त्याला पाठवलं आणि त्यानं औषधांऐवजी लोकशाही, शिक्षण, करसुधारणा असा उतारा लिहून दिला. पुढं नगरसेवक होऊन बर्लिनच्या गटारांसाठी झटला. आम्हा डाव्यांचा तो लाडका. पण रोगाचं मूळ समाजात आहे ही त्याची श्रद्धा इतकी पक्की की रोग जंतूंमुळं होतात हे मानायला त्यानं फार आढेवेढे घेतले. ही दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. आणि मत वरून खाली लादलं की काय होतं ते आपल्या देशानं पाहिलंय: आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, 80 लाखांहून जास्त नसबंदी. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक 1976 मध्ये मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या शस्त्रक्रिया डॉक्टरांनीच केल्या, आणि त्यातल्या कित्येकांना आपण देशकार्य करतोय असंच वाटत असणार.

आता कोल्हापूरचा खास विषय. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या 1000 मुलांमागं 839 मुली होत्या. ऊस, दूध, शाळा, सगळं असलेला जिल्हा. (शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथं भाषण होत नाही, म्हणून मी ते घेत नाही.) गर्भलिंगनिदानाविरुद्धचा राज्याचा कायदा 1988 चा, देशाचा 1994 चा, तरी आकडा हा. मग जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी मशिनवर सायलेंट ऑब्झर्व्हर बसवायला लावले, पडद्यावर दिसेल ते साठवून ठेवणारं यंत्र, आणि गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीची नोंद करायचा एफ फॉर्म ऑनलाइन भरायला लावला. रेडिओलॉजिस्टांची संघटना कोर्टात गेली. पेशंटच्या खासगीपणाचं काय, हाही मुद्दा निघाला. मुंबई उच्च न्यायालयानं 2011 मध्ये प्रशासनाची बाजू उचलून धरली.

मी त्या यंत्राच्या बाजूची होते, आजही आहे. पण खासगीपणाचा मुद्दा खोटा नव्हता. माझं म्हणणं एवढंच की एरवी तपासणीच्या खोलीला पडदासुद्धा न लावणाऱ्यांच्या तोंडी तो अचानक आला. आणि कायदा कडक झाला त्याची झळ कुणाला बसली तेही बघायला हवं.

दोन मुलींची आई, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, तांबी असूनही. आठ आठवडे. मूल नको. दोन ठिकाणांहून परत आलेली. "दोन मुली आहेत म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, नको बाई, उद्या आमच्यावर संशय यायचा." आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळत नाही, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? गर्भनिरोधक साधन फसणं हे 1971 च्या कायद्यापासून गर्भपाताचं मान्य कारण आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर अविवाहितेलाही. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरी जागोजागी मागितली जाते. "मुलगी वाचवा" ही मोहीम माझी आहे म्हणून मी या बाईला परत पाठवलं तर तिच्या शरीरावर माझं राजकारण मी केलं. तिला मी योग्य जागी पाठवलं आणि फोन करून आधी सांगून ठेवलं. ती कुणाला मत देते, तिसरं का नको, हे विचारलं नाही.

तुमच्या पुढच्या वाटेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सरकारी नोकरीत गेलात तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात. पक्षाचं सदस्यत्व, प्रचार, सगळं बंद. ग्रामसभेत पाण्याचा अहवाल वाचणं मात्र बंद नाही, ते कामच आहे, आणि नुसतं ते नीट केलं तरी पुरेसे लोक नाराज होतात. उघडपणे झेंडा धरायचा असेल तर खासगी व्यवसाय करा. मी तेच केलं. आता मी मोर्चात जाते, सभेत बोलते, मला कुणी नोटीस काढत नाही. पण कुठल्याही गावाला लाल कार्ड देण्याचा अधिकार माझ्याकडं राहिलेला नाही, आणि वर्षातून दोनदा तरी ते मला खटकतं.