वाचकांचे प्रश्न : अर्धीच गरम होणारी सीट आणि कोल्हापूरची एक गंमत

या वेळची सगळी पत्रं सीट हीटरचीच. मागे बाइकच्या हँडलच्या गरम ग्रिपवर लिहिताना शेवटी दोन ओळी सीटबद्दल सहज टाकल्या होत्या, लोकांनी नेमक्या त्याच धरल्या. असो. चार घेतोय, त्यातलं पहिलं जरा लांबणार आहे कारण त्यात शिकण्यासारखं आहे.

प्रश्न (म्युनिकहून) : काका नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, इथे सहा वर्षं आहे. सेकंडहँड मोठी टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची बाइक, घेतलीय, आधीच्या मालकाने सीटमधे बाहेरून आणलेला हीटर पॅड बसवलाय, स्विचला लो आणि हाय. आता प्रॉब्लेम असा की हाय केलं तर फक्त डावी मांडी गरम होते, उजवी गारच, आणि लो केलं तर दोन्हीकडे काहीच नाही, दगड. फ्यूज शाबूत आहे. इथल्या वर्कशॉपवाल्याने सीट न उघडताच सांगितलं स्विच गेलाय, आणि स्विच बदलून नाही झालं तर नवीन सीट घ्या. जानेवारीच्या शेवटी बव्हेरियाच्या जंगलात सोल्लाला बाइकवाल्यांचा हिवाळी मेळावा असतो, एलेफांटेनट्रेफेन, तिथे बर्फात तंबू टाकून राहायचा बेत आहे. स्विच मागवू का?

उत्तर : नका मागवू, निदान आज तरी नको. अहो तुम्ही पत्रात जे लिहिलंय ना, "हायला अर्धी, लोला शून्य", त्यातच नव्वद टक्के उत्तर आलंय.

अशा पॅडमधे बहुतेक वेळा दोन वेगळ्या पट्ट्या असतात, एक डावीकडे एक उजवीकडे. हाय केलं की स्विच दोघींना पॅरलल जोडतो, म्हणजे प्रत्येकीला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज. लो केलं की त्याच दोघी सिरीजमधे, एकीतून निघालेला करंट दुसरीतून जाऊन मग अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला. समजा एकेक पट्टी ९ ओहमची आहे आणि गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट मिळतायत, तर हायला प्रत्येकी २० वॅट, मिळून ४०. लोला दोघींचे मिळून १८ ओहम, त्यामुळे एकूण १० वॅट, म्हणजे हायच्या पाव. कुठला कंट्रोलर नाही की काही नाही, फक्त जोडणी बदलून काम भागवलेलं, मला ही आयडिया फार आवडते.

आता उजवी पट्टी तुटली असं धरा. हायला डावीचं काही बिघडत नाही, ती तिचे २० वॅट देत राहते. लोला मात्र दिवाळीच्या जुन्या माळेसारखं होतं, एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. हेच होतंय तुमचं. स्विचचे नेमके दोन वेगळे कॉन्टॅक्ट एकाच वेळी जाऊनसुद्धा असं होऊ शकतं, पण तसा योग क्वचितच.

तरी अंदाजावर सीट फाडू नका, मीटर लावा. सीटखालचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवा, पॅडकडून तीन वायरी येत असतील. मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून बघा, ०.३ वगैरे दाखवेल, ते नंतर वजा करायचं. मग तीन वायरींच्या तीन जोड्या मोजा. पॅड चांगला असेल तर दोन जोड्या सारख्या येतात आणि तिसरी त्यांच्या बेरजेइतकी, ९, ९ आणि १८ असं काहीतरी. तुमच्याकडे मला वाटतं एकच जोडी ९ दाखवेल आणि बाकी दोन ठिकाणी मीटर "ओपन", म्हणजे वाट तुटलेली, म्हणेल. तसं आलं की स्विच निर्दोष सुटला. आणि तिन्ही आकडे नीट आले तर मात्र मी चुकलो, मग स्विचकडे जा. कपलरमधे दोनच वायरी निघाल्या तर ते लो-हाय इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवालं आहे, हा हिशोब तिथे लागू नाही, मला परत लिहा.

मोजताना एक करा, बायकोला किंवा मित्राला सीटवर बसवा आणि पुढे-मागे सरकायला सांगा, आकड्यावर नजर ठेवा. मधेच ९ येतो मधेच जातो असं झालं तर वायर पूर्ण तुटलेली नाही, नुसती टोकाला टोक लागून आहे. हा फॉल्ट सगळ्यात त्रासदायक, कारण गॅरेजमधे सीट काढून टेबलावर ठेवली की हटकून सगळं चालतं.

उघडायची वेळ आली तर फक्त उजव्या बाजूच्या स्टेपल पिना काढा, अख्खं कव्हर सोलू नका, परत बसवताना सुरकुत्या पडतात. कव्हर हेअर ड्रायरने कोमट केलं की परत ताणायला सोपं जातं, तुमच्याकडच्या थंडीत तर हे कराच. तुटलेली जागा बहुतेक तिथेच सापडेल जिथे तांब्याची वायर पट्टीला दाबून जोडलीय (क्रिंप), त्यातही मांडीच्या कडेला, कारण चढता-उतरताना तिथेच वाकतं. पट्टी कार्बनची असेल तर सोल्डर चिकटत नाही, उगाच सोल्डर गन घेऊन बसू नका, तांब्याची स्लीव्ह घालून नीट दाबायची आणि वर हीट श्रिंक, ती गरम केली की आवळणारी नळी. पण पट्टी मधोमध तुटली असेल तर जोडू नका, पॅडच बदला. जोडलेली जागा अरुंद होते, तिथेच रेझिस्टन्स जास्त म्हणून तिथेच जास्त तापते. पॅड सीटच्या मानाने खूप स्वस्त येतो.

आणि पॅडवर ती चपटी टिकली असते ना, जास्त तापलं की करंट तोडणारा थर्मोस्टॅट, ती बायपास करून बघायचा मोह होईल. मी केलं होतं, नाना पेठेत दुकान होतं तेव्हा, एका गिऱ्हाइकाची सीट, "फक्त चेक करायला" म्हणून टिकली शॉर्ट केली आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येतोय तर वास. फोमला भाकरीएवढा तपकिरी डाग. नवीन फोम माझ्या खिशातून. बरं नुसत्या फोमचं नाही, माणसाची कातडी ४४ अंशांवर सलग सहा तास राहिली तरी भाजते, आणि इतक्या हळू की बसल्याजागी कळतही नाही. डायबेटिसमुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर हायवर तासन् तास बसूच नये.

मेळाव्याला मात्र नक्की जा. १९५६ पासून चालू आहे म्हणतात, आणि ते हत्तीचं नाव (एलेफांटेनट्रेफेन म्हणजे हत्तींचा मेळावा) झुंडापच्या केएस ६०१ या जुन्या जर्मन बाइकवरून, तिला हिरवा हत्ती म्हणायचे. फोटो पाठवा.

प्रश्न (पुण्याहून) : दादा, माझी ३५०ची बाइक आहे, फेब्रुवारीत शिमल्याकडून किन्नौरमार्गे काझाला जायचंय. ४५ वॅटचा सीट पॅड ऑनलाइन घेतला, टेललाइटच्या वायरला जोडला. सिटीत चालवून बघितलं तर सीट जेमतेम कोमट होते, टेललाइट मंद होते आणि दोन दिवसांनी बॅटरी उतरली. पॅड डुप्लिकेट आहे का?

उत्तर : पॅड बिचारा बरोबर आहे, जोडलाय चुकीच्या ठिकाणी. टेललाइटची वायर बारीक, तिच्यातून तुम्ही अजून सव्वातीन अँपिअर ओढताय, बराच व्होल्टेज वाटेतच संपतो म्हणून सीट कोमट आणि लाइट मंद.

रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा पण मोठा करंट जोडणारा स्विच. साधा चार पायांचा. ३० नंबरला बॅटरी प्लसवरून १ स्क्वेअर एमएमची वायर, मधे ५ अँपिअरचा फ्यूज आणि तो फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, लांब लावला तर बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा बिनफ्यूजचाच राहतो आणि तो फ्रेमला घासला तर कोण वाचवणार. ८७ वरून पॅड. ८५ अर्थला. ८६ ला ती टेललाइटची वायर, आता चालेल, कारण रिलेच्या कॉइलला फारच थोडा करंट लागतो. चावी बंद की सीट बंद. पण टेललाइट चावीच्या पार्किंग लाइटच्या पोझिशनला चालू राहत असेल तर बॅटरी उतरण्याचं गूढ तिथेच सुटलं, मग ८६ ला ती वायर नको, फक्त चावी ऑन असतानाच चालू होणारी दुसरी द्या.

जोडून झाल्यावर नुसतं मीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. एका केसावर टिकलेली वायरसुद्धा बिनलोड असताना १२ दाखवते. पॅडच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि तो पेटलेला असताना एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा बल्बच्या प्लसवर ठेवून बघा. तिथे ०.२-०.३ आलं तर छान, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी थिम्बल (वायरच्या टोकाची कडी) ढिली आहे किंवा कपलर गंजून हिरवा पडलाय. हीच टेस्ट अर्थच्या बाजूनेही करा, ती सगळे विसरतात.

आता चार्जिंग. ट्रॅफिकमधे आयडलला स्टेटर, म्हणजे इंजिनवरचा वीज तयार करणारा भाग, फार कमी देतो, त्यात हेडलाइटचे ५५-६० वॅट, मोबाइल चार्जर, फॉगलॅम्प लावले असतील तर ते. सगळं चालू ठेवून इंजिन ३००० आरपीएमला धरा आणि बॅटरीवर मोजा. साडेतेराच्या वर असेल तर निवांत जा. १३ च्या खाली आलं तर तुम्ही बॅटरी खाताय, काहीतरी बंद करावं लागेल. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, फेब्रुवारीत तिथे सकाळी स्टार्टर मारायचाय हे लक्षात ठेवा, थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते. म्हणून मुक्कामाच्या आधी शेवटचा अर्धा तास सीट बंद ठेवा.

आणि न विचारलेलं सांगतो, एकच गोष्ट घ्यायची असेल तर सीटपेक्षा ग्रिप. बोटं आखडली की क्लच-ब्रेक दोन्ही गेले, बाकीचं शरीर कपड्यांनी भागतं.

प्रश्न (कोल्हापूरहून) : बाहेरून आणलेली जुनी टूरर हाय, सीट हीटरवाली. इकायला काढलीया. एप्रिलात गिऱ्हाईक आलं, स्विच दाबला, लाइट लागली पण सीट काय गरम होईना. गिऱ्हाईक म्हणालं वीस हजार कमी करा. काय गेलं असंल?

उत्तर : कोल्हापुरात एप्रिलमधे सीट हीटर चेक करणारं गिऱ्हाइक बघायला मिळालं तर मला पण कळवा हो! गाडी उन्हात होती ना? काळी सीट दुपारी इतकी तापते की हात ठेववत नाही. आतला थर्मोस्टॅट साधारण ४५-५० अंशांना करंट तोडतो, म्हणजे तुमच्या सूर्याने हीटर आधीच बंद करून ठेवला होता. स्विचच्या लाइटचं सोडा, ती फक्त स्विच दाबलाय एवढंच सांगते.

करायचं असं, गाडी रात्रभर सावलीत. सकाळी बर्फाची पिशवी, नीट बंद केलेली, वरून टॉवेल, सीटवर वीस मिनिटं. कपलर सोडून ओहम मोजा, आकडा आला की कपलर परत जोडा, मग इंजिन चालू करून हीटर लावा आणि तळहात ठेवा, पाच मिनिटांत फरक कळायला हवा. आकडा गार सीटवरही आला नाही तर थर्मोस्टॅट किंवा पट्टी गेलीय, मग गिऱ्हाइकाशी बोला, पण तेव्हासुद्धा वीस हजार नाही, पॅड आणि सीटवाल्याची मजुरी एवढंच. बर्फाचं पाणी शिलाईतून आत जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

प्रश्न (ठाण्याहून) : ग्रिप आणि सीट दोन्हीचा स्विच हँडलवर आहे. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की दोन्ही बंद, सरळ केलं की चालू. पावसाळ्यानंतर सुरू झालंय.

उत्तर : हेडलॅम्पच्या मागे, फ्रेमच्या मानेपाशी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघा. केबल टाय कोणीतरी फार आवळून बांधलाय, तिथे वायरीचं वरचं प्लास्टिक ठीक दिसेल पण आतलं तांबं तुटलंय. वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा, जिथे रबरासारखी लांब होते तिथेच कापायची. जोड दिल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि मगच टाय बांधा, थोडा ढिला.