वाचकांचे प्रश्न : दक्षिण जिंकली असती तर?

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची राज्ये जिंकून स्वतंत्र राष्ट्र म्हणून टिकली असती, तर तिथले राजकारण आणि समाज कसा घडला असता? यंत्रयुग आल्यावर गुलामगिरी आपोआप संपली असती असे वाचनात येते. ते खरे मानावे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : 'असे झाले असते तर' या प्रकारच्या प्रश्नांत कल्पनेला फार मोकळे रान मिळते. इथे मात्र एक सोय आहे. हे राष्ट्र १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे खरोखर चालले. त्याला राज्यघटना होती, अध्यक्ष होता, चलन होते आणि आपसांतली भांडणेही होती. तेव्हा तर्क लढवायचा तो त्यांच्याच कागदपत्रांवरून लढवावा, हे बरे.

माँटगोमेरी येथे ११ मार्च १८६१ रोजी मंजूर झालेली त्यांची घटना बरीचशी जुन्या अमेरिकी घटनेची नक्कल आहे. परंतु जिथे तिने बदल केले, तिथेच तिचे मन दिसते. अध्यक्षाला एकदाच निवडून येता येईल आणि त्याची मुदत सहा वर्षांची असेल, उद्योगांना संरक्षण देणारी जकात बसवता येणार नाही, टपालखात्याने आपला खर्च आपणच भागवावा, अशी कलमे तिच्यात आहेत. आणि त्याच घटनेत, गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, कधीही करता येणार नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे. एखाद्या राज्याने पुढे आपल्यापुरती गुलामगिरी बंद करायची ठरवली असती, तरी दुसऱ्या राज्यातला मालक आपले गुलाम घेऊन तिथे येऊ शकत होता व राहू शकत होता. त्याचा तो हक्क घटनेनेच राखून ठेवला होता. ज्यांनी 'राज्यांचे हक्क' म्हणून एवढा गजर केला, त्यांनी हा एक विषय तेवढा राज्यांच्या हाती पूर्णपणे सोडला नाही. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी तर त्याच महिन्यात सॅव्हाना येथील भाषणात काळ्या माणसाचे कनिष्ठत्व हीच नव्या राष्ट्राची कोनशिला असल्याचे उघडपणे सांगितले होते.

आता यंत्राचा मुद्दा. कापूस वेचणारे यंत्र बाजारात व्यवहार्य ठरले ते १९४० च्या दशकात. म्हणजे यंत्राच्या भरवशावर राहायचे, तर युद्धानंतर आणखी जवळजवळ ऐंशी वर्षे वाट पाहावी लागली असती. शिवाय कारखाना आला की गुलामगिरी जाते, हे समीकरणही खरे नव्हे. रिचमंडच्या ट्रेडेगर या लोखंडाच्या कारखान्यात गुलामांकडूनच काम करून घेतले जात होते. ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये गुलामगिरी संपली ती कायद्याने, आणि त्या कायद्यामागे मोठी चळवळ व मळ्यांतून पळून जाणाऱ्या गुलामांचा रेटा होता. तसा कायदा करण्याचे दार दक्षिणेच्या घटनेने आधीच बंद केले होते. म्हणून 'आपोआप' हा शब्द मला मान्य नाही.

राजकारणाविषयी बोलायचे तर शांततेत हे राष्ट्र एकसंध राहिले असते, असे वाटत नाही. घटनेत सर्वोच्च न्यायालयाची तरतूद होती, पण ते शेवटपर्यंत स्थापन झाले नाही. राजकीय पक्ष उभे राहिले नाहीत. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन सक्तीच्या सैन्यभरतीवरून अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्याशी ऐन युद्धात भांडत राहिले, आणि व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग तर तुटून १८६३ मध्ये उत्तरेच्या बाजूने वेगळे राज्य झाला. फुटून निघण्याच्या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या राष्ट्राला पुढच्या फुटीर राज्याला अडवायचे कोणत्या तोंडाने?

दुसरी भेग गोऱ्यांमधलीच होती. अकरा राज्यांच्या सुमारे ९० लाख लोकसंख्येत सुमारे ३५ लाख गुलाम होते, आणि बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळाली, तेव्हा युद्ध श्रीमंतांचे आणि मरण गरिबांचे, अशी बोलवा झाली. २ एप्रिल १८६३ रोजी खुद्द राजधानी रिचमंडमध्ये भुकेल्या बायकांनी दुकाने फोडली. डेव्हिस एका गाडीवर चढले, खिशातली नाणी जमावात फेकली आणि पांगला नाहीत तर सैनिक गोळ्या झाडतील, असा दम दिला, असे सांगतात. या असंतोषाला विजयानंतर आवर घालायला सत्ताधाऱ्यांकडे वर्णाभिमानाखेरीज फारसे काही नव्हते. त्यात उत्तरेची सीमा ओलांडली की मोकळे, हे प्रत्येक गुलामाला ठाऊक. त्यामुळे सीमेवर पहारे, परवाने आणि कायमचे सैन्य हेच त्या समाजाचे रोजचे चित्र झाले असते, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : तसे झाले असते, तर महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील लोकांना अर्पण केली असती का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : १८७३ च्या त्या अर्पणपत्रिकेत जोतीरावांनी गौरव केला आहे तो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामाचा. ते काम अर्धवट राहिले असते, तर हाच गौरव करता आला नसता. मात्र पुस्तक लिहिले गेलेच असते. त्याचे कारण इथे होते.

प्रश्न : दक्षिण जिंकली असती, तर मुंबईची कापसाची तेजी टिकली असती का? (एक वाचक, खामगाव)

उत्तर : नाही, कदाचित आधीच कोसळली असती. तेजी दक्षिणेमुळे नव्हती, नाकेबंदीमुळे होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवल्यामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस घ्यावा लागला. एरवी त्यांची पसंती अमेरिकी लांब धाग्यालाच होती. युद्ध थांबताच, मग जिंको कोणीही, तो माल लिव्हरपूलला पुन्हा येणार होता. मुंबईत पैसा एवढा खेळू लागला होता की समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर लोकांनी घरेदारे लावली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आल्याची बातमी आली आणि १ जुलैच्या वायद्याला बाजार बसला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे सटोडियेही त्यात सापडले. दक्षिणेने १८६२ किंवा १८६३ मध्ये तह करून स्वातंत्र्य मिळवले असते, तर फुगा लहान असतानाच फुटला असता, आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याने चढ्या भावावर विसंबून काढलेले कर्जही बहुधा थोडे कमी राहिले असते.