कोकणात पक्ष्यांच्या लाकडी घरट्याला तांब्याचं छप्पर घरच्या घरी कसं करायचं?

होतं, घरच्या घरी होतं आणि डाग न देता, म्हणजे सोल्डरिंग न करता होतं. तुम्ही लिहिलंयत की दापोलीकडे घर आहे, फणसाच्या फळ्यांचं घरटं करून तयार आहे, वर तांब्याचा पत्रा घालायचाय पण सोल्डरिंग येत नाही, उन्हात पत्रा तापून पिल्लं भाजतील अशी भीती वाटते आणि वर तो हिरवा रंग लवकर यावा असंही मनात आहे. मी वेंगुर्ल्याकडचा, आमच्या आगरात अशी छपरं केलेली आहेत, त्यामुळे जे करतो तेच सांगतो.

पहिली गोष्ट, तांबं खराब होत नाही हो, त्याच्या आजूबाजूचं सगळं खराब होतं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर्षभर खारं वारं, त्यात छप्पर जातं ते बहुतेक वेळा पत्रा सडला म्हणून नाही, खिळा सडला म्हणून. तांब्यात साधा लोखंडी खिळा किंवा जीआयचा म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा स्क्रू मारला आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे बॅटरीच तयार होते, आणि त्यात लोखंड किंवा वरचं जस्त खाल्लं जातं, तांबं मजेत राहतं. हे माणसाला फार जुनं ठाऊक आहे. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ मध्ये अलार्म नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले, लाकूड किड्यांनी पोखरू नये म्हणून, आणि दोनेक वर्षांनी ते वेस्ट इंडिजहून परत आल्यावर बघितलं तर तांबं छान होतं पण लोखंडी खिळे पार खाल्लेले होते. पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी मध्ये तसाच राहिला होता, फक्त तिथले खिळे शाबूत होते. म्हणजे दोन धातू एकमेकांना लागले नाहीत तर काही होत नाही. म्हणून खिळे घ्यायचे तांब्याचे, ते नाहीच मिळाले तर पितळी स्क्रू, जे जुन्या दाराच्या बिजागऱ्यांना लावतात ते, कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतात. अ‍ॅल्युमिनियमचं रिवेट तर अजिबात नको, ते लोखंडाच्याही आधी जातं.

पत्रा कुठला घ्यायचा? २८ गेज म्हणजे साधारण ०.३७ मिमी आणि २६ गेज म्हणजे ०.४५ मिमी, या दोनातला कुठलाही चालेल, मी २६ ला मत देईन कारण वर फांदी किंवा कैरी पडली तरी पोचा कमी येतो. त्याहून जाड घेतलात तर हाताने दुमडताना जीव जातो. पत्रा वजनावर मिळतो, घरट्याच्या छपराला ४५ बाय ३२ सेंमीचा तुकडा लागेल असं धरलं तर अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम भरेल. भांड्यांच्या मोठ्या दुकानात विचारा, ते सांगतात कुठून मागवायचा, पुण्याला कुणी जात असेल तर कसबा पेठेत तांबट आळी आहेच. मोडीतला जुना बंब मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्याचा अंगाचा पत्रा उलगडून मस्त छप्पर होतं. फक्त चुंबक लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा, आणि कोपऱ्यात खिळ्याने ओरखडा काढून आतला रंग तोच आहे ना ते बघा. कल्हई केलेलं भांडं मात्र या कामाला घेऊ नका, तापवलं की कथील २३२ अंशाला वितळून पत्रा डागाळतो, आणि जुन्या कल्हईत शिसं असू शकतं.

आता छपराचा आकार. दुपाखी करा आणि एकाच तुकड्याचं करा, आढ्यावर जोड नको. डाग देण्याचा प्रश्नच मग येत नाही, पाणी शिरायला जागाच नसते. उतार सरळ ४५ अंशाचा ठेवा, आपल्या पावसाला सपाट छप्पर चालत नाही. आधी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं छप्पर करून घरट्यावर ठेवून बघा, दोन्ही बाजूंना पाच सेंमी आणि भोकाच्या बाजूला सात सेंमी तरी बाहेर आलं पाहिजे, नाहीतर झड आली की पाणी सरळ भोकातून आत. पुठ्ठा बरोबर बसला की चारही बाजूंना दीड दीड सेंमी जास्त धरून तो पत्र्यावर आखायचा. ती दीड सेंमी दुमडायला लागते, कापलेली कड पात्यासारखी धारदार असते आणि ती उघडी ठेवायची नाही, पक्ष्याचं सोडा, तुमचाच हात कापेल. कापताना जाड हातमोजे घाला.

नवीन पत्रा मऊ असेल तर तसाच दुमडतो. बंबाचा असेल तर तो ठोकून ठोकून कडक झालेला असतो, तो आधी तापवावा लागतो. गॅसच्या टॉर्चने, थोड्या अंधाऱ्या जागी म्हणजे रंग दिसतो, मंद लाल दिसेपर्यंत फिरवत तापवायचा आणि मग पाण्यात बुडवला तरी चालतो, पोलादासारखा तो पाण्याने कडक होत नाही. काळा थर धरतो, तो बिंबलं चुरून मिठाबरोबर घासलीत की निघतो, आपल्याकडे तांब्याची भांडी अशीच घासतात, बिंबलाचं झाड नसेल तर चिंच किंवा कोकमाची सालं. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा, आंबट आणि मीठ वर राहिलं तर ठिपके पडतात.

दुमडायला दोन सरळ फळ्यांमध्ये पत्रा धरून क्लॅम्प लावा आणि लाकडी मोगरीने हळूहळू खाली आणा. लोखंडी हातोडा वापरू नका, त्याच्या प्रत्येक घावाला पत्रा थोडा ताणला जातो आणि कड लाटेसारखी होते, मग ती काही केल्या सरळ होत नाही. आढ्याची घडी सुरीसारखी टोकदार करू नका, पाऊण इंची गोल दांडा खाली ठेवून त्यावर वाकवा, कडक तांबं टोकदार घडीवर चिरतं.

बसवायचा कसा, हा खरा मुद्दा, आणि तापण्याचं उत्तरही इथेच आहे. पत्रा थेट फळीवर ठेवायचा नाही. लाकडी छपराच्या प्रत्येक पाख्यावर आढ्याकडून वळचणीकडे जाणाऱ्या तीन बारीक पट्ट्या ठोकायच्या, ८ ते १० मिमी जाडीच्या, पुढेमागे एकेक आणि एक मध्ये. या पट्ट्या आढ्यापासून दोन बोटं अलीकडे थांबवायच्या, म्हणजे खालून आत शिरलेली हवा वर आढ्याखाली जमून पुढच्या मागच्या टोकातून निघून जाते. तांबं उष्णता भराभर खाली देतं आणि काळपट झाल्यावर ऊनही जास्त ओढतं, त्यामुळे तुमची भीती अगदी बरोबर आहे, पण मध्ये ही हवा आणि खाली लाकडी फळी असली की आतल्या पिल्लांपर्यंत उष्णता पोचायला बराच अडथळा होतो. शिवाय घरट्याच्या दोन बाजूंना वळचणीखाली ६ मिमीची तीन चार भोकं पाडा, गरम हवा बाहेर पडते. आणि एवढं सगळं करूनही घरटं दुपारच्या उन्हात टांगू नका. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा बघा.

पत्र्याला वरून एकही भोक पाडायचं नाही. उरलेल्या तुकड्यातून दोन सेंमी रुंदीच्या छोट्या पट्ट्या कापा, त्या लाकडी पट्ट्यांच्या खालच्या टोकाला तांब्याच्या खिळ्यांनी अशा ठोका की दीड सेंमी बाहेर येतील. पत्र्याच्या एका वळचणीची कड आधीच आतल्या बाजूला आकड्यासारखी दुमडून ठेवायची, ती या बाहेर आलेल्या पट्ट्यांत अडकवायची, पत्रा आढ्यावरून पलीकडे आणायचा, दाबून धरायचा, आणि दुसऱ्या बाजूची कड खालून पकडीने त्या बाजूच्या पट्ट्यांभोवती वळवून मोगरीने बंद करायची. दुसरा माणूस धरायला हवा, एकट्याने हे होत नाही. पुढेमागे सरकू नये म्हणून मागची कड खाली वळवून तिथे आडवा एकच पितळी स्क्रू मारा, त्याचं भोक थोडं लांबट ठेवा. तांबं एवढ्या लांबीत उन्हाने अर्धा मिमीसुद्धा वाढत नाही, पण पावसात लाकूड फुगतं ते बरंच जास्त, म्हणून ती ढिलाई. वार्‍याचं विचाराल तर नीट बंद केलेली घडी उचलत नाही, ती सगळीकडून धरलेली असते.

घडीची खालची कड लाकडाच्या पुढे सेंटिमीटरभर राहते, त्यामुळे पागोळ्या फळीला न लागता पडतात, आणि लाकूड टिकण्यात याचा मोठा वाटा आहे. या पागोळ्यांतून थोडं तांबं उतरतं. म्हणून खाली पक्ष्यांचं पाण्याचं भांडं किंवा माशांचं टाकं ठेवू नका, विरघळलेलं तांबं माशांना आणि गोगलगायींना मारक असतं. चिऱ्याच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर हिरवट ओघळ येतात आणि जात नाहीत, आणि ते पाणी जीआयच्या पन्हाळीत पडत असेल तर पन्हाळीचं जस्त जातं. त्यामुळे घरटं भिंतीपासून थोडं लांब, खांबावर किंवा झाडावर बरं.

हिरव्या रंगाची घाई करू नका असं मनापासून सांगतो. अमोनिया, व्हिनेगर, मीठ लावून दोन दिवसांत हिरवं निळं करता येतं, पण ती वरवरची भुकटी असते, पहिल्या पावसात निम्मी धुऊन जाते आणि ती भुकटी विषारी असल्यामुळे पिल्लांच्या घराला मला नको वाटते. समुद्राजवळ मीठ हवेतच आहे, तांबं थोड्याच दिवसांत तपकिरी होतं, मग चॉकलेटी, मग पावसाच्या बाजूने हळूहळू हिरवं, काही वर्षं लागतात, पण आतल्या कोरड्या गावांपेक्षा आपल्याकडे हे लवकर होतं कारण हवेतल्या क्लोराइडचाच तो थर बनतो. तो थर खालच्या तांब्याचं रक्षण करतो, म्हणून दर दिवाळीला घासून चकचकीत करायचाही नाही आणि वार्निशही मारायचं नाही, वार्निश आपल्या उन्हात सोलपटं धरतं आणि खाली डाग पडतात.

भोक किती ठेवलंयत ते लिहिलेलं नाहीत, त्यावर कोण येणार ते ठरतं. चिमण्यांसाठी ३२ मिमी पुरे, त्यात साळुंकी शिरत नाही. दयाळ हवा असेल तर ५० मिमीच्या आसपास आणि तळापासून पंधरा सेंमी तरी वर, पण एवढ्या भोकात साळुंकीही येऊ शकते. तांबट पक्षी येईल अशी आशा करू नका, तो सुकलेल्या फांदीत स्वतःच ढोली कोरतो, त्याच्यासाठी शेवग्याची वाळकी फांदी तोडायची नाही एवढंच करा. भोकाचं तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला, झड नैऋत्येकडून येते. भोकाखाली बसायची काठी लावू नका, तिचा उपयोग कावळ्याला आणि भारद्वाजालाच होतो. साफसफाईचं दार बाजूला किंवा तळाला करा, कारण हे छप्पर एकदा बसलं की उघडायचं नाही. आतून रंग वार्निश काही नको. दयाळ मार्चपासून जागा शोधायला लागतात, त्यामुळे शिमग्याच्या आधी टांगून झालं तर याच हंगामात कुणीतरी येईल. नारळाखाली तेवढं टांगू नका, तिथे २६ गेजही पुरत नाही.