गोठ्यातल्या पाण्याच्या कुंडीला थंडीत हीटर बसवावा का? वीज कमी कशी खाईल?

नका बसवू. गोव्यात तर अजिबातच नको.

तुम्ही लिहिलंय की सत्तरी तालुक्यात तुमच्या पाच-सहा जर्सी गाई आहेत, डिसेंबर लागला की सकाळी पाणी कमी पितात, दूध उतरतं, म्हणून परदेशातल्यासारखी आपोआप गरम राहणारी कुंडी मागवायचं मनात आहे. मी वाळपईकडचाच. या विषयावर आमच्या घरात इतकं वाजलंय की गप्प बसवत नाही.

आधी सांगा, पाणी कुठलं पाजता? बहुतेक छपरावरच्या काळ्या टाकीतलं. ती रात्रभर गार वाऱ्यात असते, पहाटे नळाला येतं ते हाताला झोंबतं. विहिरीचं पाणी बारा महिने जवळपास सारखंच, आपल्याकडे 25-26 अंशांच्या आसपास. थंडीच्या पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती त्यामुळेच. उठल्याबरोबर कुंडीतलं शिळं पाणी ओता, पंप लावा आणि पाइप टाकीत न नेता थेट कुंडीत सोडा. फुकटात कोमट पाणी.

आणि दूध उतरतं ते सगळं थंडीमुळे नाही हो. तोवर हिरवा चारा संपत आलेला असतो, गाय सुक्या गवतावर येते. सुकं खाल्लं की पाणी जास्त लागतं. दुधात 87 टक्के पाणीच असतं; लिटरभर दुधामागे तिला 3-4 लिटर तरी प्यावं लागतं. थोडं कमी प्यायली तरी सोसायटीच्या मापात लगेच दिसतं.

आता पाणी तापवायच्या रॉडची गोष्ट. माझा मेव्हणा कॅनडात असतो. नाताळच्या सुट्टीत आला आणि गोठ्यात उभा राहून म्हणाला, "भावोजी, तिथे गाईंना गरम पाणी देतात, म्हणून एवढं दूध. तुम्ही अजून आजोबांच्या काळात." दुपारी 2000 वॅटचा रॉड घेऊनच आला. काठीला बांधून सिमेंटच्या कुंडीत सोडला, वायर खिडकीतून न्हाणीच्या प्लगला. आमची कपिली एरवी नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून घटाघट ओढते. त्या दिवशी तिने ओठ टेकवले, मान झटकली, दोन पावलं मागे. मग परत आली आणि मांजरासारखी जिभेच्या टोकाने लपलप करायला लागली. बाकीच्या तर जवळही येईनात. मेव्हणा म्हणे, नवीन आहे, सवय होईल.

संध्याकाळी दूध बघून मी वायरमनला बोलावलं. त्याने मीटरची एक पिन पाण्यात धरली, दुसरी गाय उभी राहते तिथल्या ओल्या फरशीवर. दोन व्होल्टांच्या वर. अर्थिंग नावापुरतं होतं. रबरी चपला घातलेल्या माणसाला एवढं कळतही नाही. गाईचे चारही खूर ओल्यात आणि नाक पाण्यात, तिला एखादा व्होल्टही पुरतो. जिभेने लपलप करणं ही त्याचीच खूण. रॉड काढला आणि दुसऱ्या दिवशी कपिली पुन्हा तोंड बुडवून प्यायली. मेव्हण्याचं म्हणणं आजही तेच, की पाणी जरा जास्त तापलं होतं!

त्याच्या कॅनडात उणे 30 होतं, तिथे बहुतेक ठिकाणी हीटर लागतो, मान्य. पण तो पाणी ऊन करायला नसतो, गोठू नये म्हणून असतो. थर्मोस्टॅट 4-5 अंशांवर लावतात. तिथे बिनविजेच्या कुंड्याही असतात. पाइप जमीन जिथवर गोठते त्याच्याही खालून येतो, कुंडीला जाड इन्सुलेशन, तोंडावर तरंगता चेंडू. गाय नाकाने चेंडू ढकलते, पिते, चेंडू परत तोंड झाकतो. पाणी गोठत नाही ते जमिनीच्या उबेने आणि गुरं सतत पीत राहिल्यामुळे खालून ताजं पाणी येतं म्हणून. म्हणजे आपली विहीरच की! फोनवर हे सांगितलं तर त्याने बर्फाचा विषय काढला.

विजेचं विचारलंत म्हणून. 200 लिटर पाणी 10 अंशांनी तापवायला सव्वादोन युनिटांच्या वर लागतात, आणि उघड्या सिमेंटच्या कुंडीतून ती ऊब तासाभरात वाऱ्यावर जायला लागते. तरीही बसवायचाच असेल तर झाकण आणि थर्माकोल आधी, थर्मोस्टॅट नंतर. अर्थिंग स्वतः उभं राहून तपासून घ्या. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच, पण तो माणसाचा जीव वाचवायला. गाईला जाणवणाऱ्या व्होल्ट-दीड व्होल्टला तो पडेलच असं नाही. मीटर पाण्यात आणि फरशीवर लावून बघितल्याशिवाय गाय सोडू नका.

हां, नुकत्या व्यालेल्या गाईला कोमट पाणी द्यावं, त्याबद्दल वाद नाही. न्हाणीतल्या भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातलं, बादलीभर काढलं की झालं. चोर्ला घाटाच्या बाजूला वर राहत असाल तर थंडी जरा जास्त, पण पाणी तिथेही गोठत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर मार्च ते मेसाठी करा. तेव्हा त्याच काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की गाय तोंड लावत नाही, आणि दूध खरं तेव्हा जातं. टाकीवर सावली घाला, पाइप मातीखाली गाडा, कुंडी सावलीत घ्या.