फिजिओथेरपिस्टसाठी अमेरिकेची वाट

प्रश्न : मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटी (फिजिओथेरपीची पदवीधर) असून साताऱ्यातील एका रुग्णालयात तीन वर्षे काम करते आहे. एक एजंट ‘परीक्षा पास व्हा, वर्षभरात ग्रीन कार्ड’ असे सांगून दोन लाख रुपये आगाऊ मागतो आहे. द्यावेत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नयेत. व्यवसायाचा परवाना आणि व्हिसा ही दोन वेगळी प्रकरणे असून एजंटाने ती एकत्र कालवली आहेत. परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते, तेव्हा आधी राज्य ठरवावे आणि त्याच्या नियमांनुसार पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. आपला साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर थेट शरीररचनाशास्त्राने सुरू होतो. तिकडचा विद्यार्थी आधी सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या शिकून आलेला असतो, आणि ती तूट आपल्या नावावर निघते. म्हणून तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षाचा अभ्यासक्रम (आजचा नव्हे) महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी मिळवा आणि इंटर्नशिपची विभागवार तासांची नोंद आत्ताच मागून ठेवा. त्या वेळचे विभागप्रमुख निवृत्त झाले की या सहीसाठी हेलपाटे सुरू होतात.

परवान्यासाठीच्या तिथल्या राष्ट्रीय परीक्षेत २०० ते ८०० या श्रेणीत ६०० गुण लागतात. बारा महिन्यांत तीन आणि आयुष्यात एकूण सहाच वेळा बसता येते, त्यामुळे ‘एकदा बसून बघू’ म्हणणे परवडत नाही. परीक्षेतले प्रश्न आठवून व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या गटांपासूनही दूर राहावे. अशाच प्रकारांमुळे २०१० मध्ये भारतासह चार देशांच्या पदवीधरांची परीक्षा थांबवण्यात आली होती.

व्हिसाच्या बाबतीत एक सवलत खरी आहे. फिजिकल थेरपिस्ट (फिजिओथेरपिस्टचे तिकडचे नाव) आणि परिचारिका हे व्यवसाय तिथल्या श्रम खात्याच्या ‘शेड्यूल ए’ यादीत असल्याने, स्थानिक उमेदवार मिळत नाही हे मालकाला जाहिरात देऊन सिद्ध करावे लागत नाही. पण त्याने रांगेतला क्रमांक पुढे सरकत नाही. भारतात जन्मलेल्यांची रोजगाराधारित ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे, आणि एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा घेऊन तोवर तिथे काम करण्याचा मार्गही सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरील नव्या उमेदवारांमागे एक लाख डॉलरचे शुल्क लावल्यामुळे अरुंद झाला आहे. एजंटाला इतकेच विचारा, की माझा अर्ज भरणारा मालक कोण, आणि त्याचे लेखी पत्र कुठे आहे?