आठ महिन्यांचा बोका घरभर धुडगूस घालतो, पडदे-सोफा फाडतो. शांत कसा करावा?

मारू नका, आणखी बिथरतो. आमच्या मंगळवार पेठेतल्या बोक्यानं सोफ्याच्या चिंध्या केलेल्या, नाद खुळा! मांजराच्या अंगात शिकार येते ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून रात्री खायला देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीला चिंधी बांधून दमेपर्यंत पळवा. मग पोटभर खातो, अंग चाटतो आणि गपगार झोपतो. दोरी मात्र लगेच उचला. गिळली तर आतड्यात अडकते.

नखांसाठी लाकडी ओंडक्याला सुंभ घट्ट गुंडाळून सोफ्याला लागूनच ठेवा. उंची एवढी, की मागच्या पायांवर उभं राहून अख्खं अंग ताणता आलं पाहिजे. नसबंदी राहिली असेल तर उरकून घ्या.

आमचा आता बराच निवळलाय. रविवारी मटण शिजायला लागलं की ओट्यावर चढतोच, ते सोडा.