टपाला आधी रबर, मग फोम

प्रश्न : काका नमस्कार, माझ्याकडं २०१४ ची महिंद्राची थार सीआरडीई (डिझेल जीप) आहे, सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकानं कॅनव्हासचं हूड काढून बाहेरून फायबरचा हार्डटॉप, म्हणजे कडक टप, करून घेतलाय, तोही काळा मॅट. एप्रिल-मे मधे आत बसवत नाही, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं. आणि ८० च्या वर गेलं की बायकोशी बोलायला ओरडावं लागतं, ती म्हणते भांडतोयस का. एका दुकानात सांगितलं पूर्ण टपाला आतून डॅम्पिंग शीट (थरथर कमी करणारी चिकट शीट) मारा, कोटेशन ऐकून परत आलो. घरी करता येईल का? थंडीत आम्ही टप काढून फिरतो त्यामुळं काढता-घालता आला पाहिजे.
— वाचक, धायरी

उत्तर : करता येईल, दोन रविवार धरा. पण शीट, फोम काही आणायच्या आधी एक काम करा, रात्री पार्किंगचा दिवा बंद करून बायकोला टॉर्च घेऊन गाडीत बसवा आणि तुम्ही बाहेरून टपाच्या कडेकडेनं फिरा. जिथून उजेड दिसेल तिथून वारा येतोय, धूळ येतेय आणि तुमचं भांडणही तिथूनच येतंय. दुसरं म्हणजे मागच्या दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर तिथं रबर दाबलंच जात नाहीये. बाहेरून करून घेतलेल्या टपांचं सगळं दुखणं बहुतेक इथंच असतं, साचा एकीकडचा आणि गाडीची बॉडी दुसरीकडची, मधे फट राहणारच.

फटीचा हिशोब लोकांना पटत नाही म्हणून सांगतो. भिंत कितीही जाड करा, तिच्या शंभर भागातला एक भाग जरी उघडा राहिला तरी आवाज २० डेसिबलच्या वर कमी होतच नाही. म्हणजे हजारोंचा माल आत चिकटवून कडेला बोटभर फट ठेवली तर पैसे त्या फटीतूनच गेले समजा. पुण्यात नाना पेठेत डी आकाराचं ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं, रबर मीटरवर मिळतं, कार्डबोर्डचा तुकडा घालून फट किती आहे ते मोजून मगच जाडी ठरवा. जुनं कडक झालेलं रबर पूर्ण खरवडून काढा, नवं त्याच्यावर नको. सिलिकॉन भरू नका, टप काढायचा आहे तुम्हाला. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, खाली मोठा वायसर घाला, एकच बोल्ट जोर लावून पिळला तर फायबरला तडा जातो.

आता डॅम्पिंग शीट. ही शीट पत्र्याची थरथर मारते. बोटाच्या सांध्यानं दारावर ठोका, 'टण्ण' वाजतं, टपावर ठोका, 'ठक' वाजतं. जे आधीच ठक वाजतंय त्याला पूर्ण शीट कशाला? मधला मोठा सपाट भाग असेल तिथं पाव भाग झाकेल एवढे तुकडे बास. वजनही बघा, २ मिलीमीटरची ब्युटिल (रबराची) शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास भरते, चार-पाच मीटर मारली की १२-१५ किलो वाढले आणि थंडीत टप उचलताना तुमची आणि शेजाऱ्याची कंबर बोलेल. उरलेली शीट दारांना आणि फ्लोअरला मारा, तिथं फरक जाणवतो. डांबराची स्वस्त शीट नको, उन्हात मऊ पडते आणि गाडीत रस्ता दुरुस्तीचा वास येतो.

उष्णतेसाठी फोम, आणि इथं माझी चूक ऐका. माझ्या जुन्या जीपला मी बाजारातला साधा स्पंज लावला होता, उशीत असतो तसला, फार हौसेनं. मे मधे गोंद पातळ होऊन अर्धा कोपरा ड्रायव्हिंग करताना डोक्यावर आला, तो पुन्हा चिकटवला आणि ऑगस्टमधे वास यायला लागला म्हणून पट्टीनं कड उचकटून पिळून बघितलं तर काळं पाणी! साधा स्पंज पाणी पितो, आणि पुण्याचा पावसाळा, त्यात ताम्हिणी. म्हणून बंद छिद्रांचा फोम घ्या, नायट्राईल (रबराचा) किंवा एक्सएलपीई (प्लॅस्टिकचा), १० मिलीमीटर. एसी डक्टिंगचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा, हाच माल कारच्या नावाखाली महाग होतो. वजन चौरस मीटरला अर्धा-पाऊण किलो.

टप उतरवून जुन्या गाद्यांवर उलटा ठेवा, मग गोंद खाली ओघळायचा प्रश्नच नाही. ८० नंबरच्या पेपरनं आतून घासा, मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच, फायबरची धूळ दोन दिवस खाजते. थिनरनं पुसा. उष्णता सहन करणारा रबर बेस गोंद दोन्हीकडं लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मग बसवा आणि मधून कडेकडं दाबत न्या. लाटणं चालतं, पण स्वयंपाकघरातलं नेलंत तर पुढचं मला विचारू नका. कडेला दोन सेंटीमीटर जागा सोडा, नाहीतर रबर फोमवर बसेल आणि परत फट. बोल्ट आणि लाईटची वायर पण मोकळी ठेवा.

चकचकीत फॉईलवाला फोम घेतलात तर एक लक्षात ठेवा, फॉईलसमोर हवेची जागा असेल तरच ती उष्णता परतवते, दोन थरांमधे चिकटवली की नुसता कागद. त्यापेक्षा टप बाहेरून पांढरा करा. काळा रंग उन्हाचे ९० टक्क्यांच्या वर पितो, पांढरा साधारण पाव. काळ्या मॅटची हौस असते हे कळतं मला, पण डोकं तुमचंच आहे.

आणि चाकं बटणाची म्हणजे मड टेरेन असतील तर घूं घूं खालून येतं, टपाला दोष देऊ नका. बाहेरून करून घेतलेला टप आरसीशी जुळतोय का तेही बघून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या बदलांवरच आहे.

प्रश्न : फोमऐवजी थर्माकोल चालेल का? घरी फ्रीजचा पडलाय.
— वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : नको. पटकन पेटतो, काळा धूर करतो आणि प्रत्येक खड्ड्याला किर्र किर्र वाजतो.

प्रश्न : आतून रेक्झिन बरं की कार्पेट?
— वाचक, वडगाव शेरी

उत्तर : आवाजासाठी कार्पेट, कारण रेक्झिनवरून आवाज परत फिरतो. पण सुती किंवा जूटचं नको, बुरशी धरते, सिंथेटिक नॉनवोव्हन (न विणलेलं, दाबून केलेलं) घ्या, आणि रंग फिका, काळं घेतलं की आत गुहेत बसल्यासारखं वाटतं.